नोकरदारांनी समाजाला काय दिले? बुरोंडीच्या एका गणित शिक्षकाचा हिशेब



दोन वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या निमित्ताने बुरोंडीच्या बाजूला एका बौद्धवाडीत आमचे भाषण होते. समाजमंदिरासमोर मांडव, निळ्या पताका, मुंबईहून खास आलेले चाकरमानी आणि पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली निवृत्त मंडळी. कोणी बेस्टमधून निवृत्त, कोणी गोदीतून, कोणी शाळेतून. आम्ही माईक हातात घेतला आणि बाबासाहेबांच्या १८ मार्च १९५६ च्या आग्रा येथील भाषणाचा दाखला दिला. शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, अशी खंत बाबासाहेबांनी त्या सभेत बोलून दाखवली होती, हे आपल्या चळवळीतल्या लहान पोरालाही माहीत आहे. तोच धागा पकडून आम्ही पहिल्या रांगेकडे बोट दाखवले आणि विचारले, "बाबासाहेबांच्या कष्टांवर नोकऱ्या मिळवल्या, घरं बांधली, पोरं इंजिनिअर केली. समाजाला काय दिलं? हिशेब द्या!" मागच्या तरुणांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. आम्हाला बरे वाटले.

त्या पहिल्या रांगेत आमचे गणिताचे सर बसले होते.

आठवी ते दहावी आम्ही त्यांच्याकडे गणित शिकलो. त्यांचे नाव इथे लिहीत नाही, कारण लेख लिहायला परवानगी देताना त्यांनी तेवढी एकच अट घातली. कार्यक्रम संपल्यावर जेवणाच्या रांगेत ते आमच्या मागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "हिशेब मागितलास ना? उद्या सकाळी घरी ये. गणिताच्या मास्तराकडे हिशेब तयार असतो."

हा लेख त्या सकाळचा आहे, आणि त्यानंतर आम्ही स्वतःला विचारलेल्या प्रश्नांचा.

दापोलीहून बुरोंडीला जायला दहा-बारा किलोमीटरचा रस्ता. अलीकडे बुरोंडी म्हटले की पर्यटकांना परशुरामाचा पुतळा आठवतो. पृथ्वीच्या गोलावर उभा केलेला तो भव्य पुतळा बघायला, त्याच्यासोबत सेल्फी काढायला गाड्या थांबतात. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकणची भूमी निर्माण केली, ही कथा तिथे पुन्हा पुन्हा सांगितली जाते. याच दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या लेण्यांत बौद्ध भिक्खू राहत होते, हे त्याच गाड्यांतल्या किती जणांना ठाऊक असते? सर दरवर्षी मुलांना त्या लेण्यांत घेऊन जायचे. सोबत सुतळी, मोजपट्टी आणि वही. दालनाची लांबी-रुंदी मोजा, क्षेत्रफळ काढा, खांबाचा घेर मोजा, त्यावरून व्यास काढा. आम्ही घामाघूम होऊन मापे घ्यायचो आणि सर म्हणायचे, "ज्यांनी हे कोरलं, त्यांना भूमिती येत होती. कथा सांगून दगड कापता येत नाही." इतिहासाचा एवढा मोठा धडा आम्ही गणिताच्या तासाला शिकलो, हे आम्हाला समाजशास्त्रात एमए करेपर्यंत कळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या घरी पोहोचलो. बंगला म्हणावे असे ते घर नाही. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे परसात नारळ आणि थोड्या सुपाऱ्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली एक जुना काळा फळा. काकींनी चहा आणला. सरांनी कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढून आमच्यासमोर ठेवला. लांब, लाल पुठ्ठ्याच्या, किराणा दुकानात उधारी लिहायला असतात तशा वह्या. पहिल्या वहीवर शाईने एकच शब्द लिहिला होता: विसावा.

१५ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या कमाईचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. आपण हे वाक्य बॅनरवर छापतो. सरांनी ते अंकगणित म्हणून घेतले. विसावा हिस्सा म्हणजे शंभराला पाच. जून १९७६ मध्ये नोकरी लागली. पहिला पगार हातात पडला ४४० रुपये. वहीच्या पहिल्या ओळीत डावीकडे ४४०, उजवीकडे २२. खाली त्या २२ रुपयांचा तपशील: कंपासपेटी दोन, एसएससीची परीक्षा फी एक, विहाराचे पत्रे वर्गणी. २००९ साली ५८ व्या वर्षी सर निवृत्त झाले तोपर्यंत ३३ वर्षे, आणि त्यानंतर पेन्शनमधून आजपर्यंत, एकही महिना चुकलेला नाही. ऑगस्ट १९७८ च्या पानावर तपशिलात फक्त 'मराठवाडा' एवढा शब्द आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. त्या महिन्यात विसावा हिस्सा नाही, अर्धा पगार गेलेला आहे.

आम्ही पाने उलटत होतो. नावे कुठेच नाहीत. 'आठवीतला मुलगा, चष्मा'. 'वाडीतली मुलगी, बारावी फी'. 'एसटी पास'. आमच्या वर्षाच्या पानावर आम्हाला एक ओळ दिसली: 'दहावी, पुस्तकसंच, वडील आजारी'. मित्रहो, त्या वर्षी आमचे वडील आजारी होते. पुस्तके शाळेच्या कुठल्या तरी योजनेतून आली असे आम्हाला सांगितले गेले होते. आदल्या रात्री ज्या माणसाकडे बोट दाखवून आम्ही टाळ्या घेतल्या, त्या माणसाच्या वहीत आमची ओळ होती. काय बोलणार?

पण सरांनी वही दाखवली ती आम्हाला लाजवायला नव्हे. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "हा जमेचा रकाना झाला. आता खर्चाचा ऐक. एकच बाजू बघून हिशेब होत नाही."

त्यांनी जे सांगितले ते इथे जसेच्या तसे लिहावे असा त्यांचाच आग्रह आहे.

सरांचे वडील मुंबईला गोदीत कामाला होते. त्यांच्या आजोबांच्या हयातीत मात्र सगळे घर खोताची जमीन कसायचे. कोकणातल्या वाचकांना खोती म्हणजे काय ते सांगायला नको, पण इतर भागांतल्या तरुणांसाठी थोडे सांगतो. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला वसुलीदार, जो बघता बघता गावाचा मालक होऊन बसला. पिकाचा निम्मा भाग त्याला द्यायचा ती अर्धेल, तिसरा हिस्सा द्यायचा ती तिर्धेल. उभ्या पिकाकडे बघून इतके मण भात निघेल असा आकडा खोताचा माणूस ठरवायचा, त्याला अभावणी म्हणत. पाऊस उलटला, पीक आडवे झाले, तरी हिस्सा त्या ठरलेल्या आकड्यावरच मागायचे. वर वेठ होतीच. सरांचे आजोबा सांगायचे की खोताच्या घरची पायली आणि आपल्या घरची पायली कधी सारखी भरलीच नाही. पण ती मोजून दाखवणार कोण? ज्याला आकडा येत नाही त्याला लुटण्यासाठी तलवार लागत नाही, एक वही पुरते. बाबासाहेबांनी एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या शेतकरी परिषदेत खोतीविरुद्ध आवाज उठवला, १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. कायदा झाला १९४९ साली. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणारा माणूस कुळाच्या पायलीचाही हिशेब मांडत होता, हे आपण विसरतो.

सर अकरावीची एसएससी करून मुंबईला गेले. दिवसा नोकरी, आणि शिक्षण फोर्टच्या सिद्धार्थ महाविद्यालयात. हे कॉलेज बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६ मध्ये सुरू केले आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा सर बीएस्सीच्या वर्गात होते. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात त्यांचे मित्र राहत, तिथे ते बैठकांना जायचे. १९७४ ला वरळीची दंगल झाली तेव्हा त्यांचे नातेवाईक बीडीडी चाळीतच होते. मित्र म्हणाले, पूर्ण वेळ ये. सरांनी आठ दिवस विचार केला आणि बीएडला प्रवेश घेतला.

"मी घाबरलो होतो," सर म्हणाले. "पुढे लोकांना मी सांगत आलो की मी शिक्षणाचा मार्ग निवडला. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. धाकटी दोन भावंडं होती, वडिलांचा पगार पुरत नव्हता आणि पोलिसांच्या लाठीची भीती वाटत होती. हे खर्चाच्या रकान्यात लिही."

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती आणखी कठीण होती. नव्वदच्या दशकात ते ज्या संस्थेच्या शाळेत होते तिथे भरती झाली. आपल्याकडे आरक्षणाची अंमलबजावणी बिंदुनामावलीने होते. कुठला बिंदू कुठल्या प्रवर्गाचा, हे आकड्यांनी ठरलेले असते. आरक्षित बिंदूवरची जागा खुल्या प्रवर्गातून भरली गेली, हे सरांना कागद बघताच कळले. गणिताच्या माणसाला ते कळायला पाच मिनिटे लागली. त्यांनी अर्ज लिहिला. चार पाने, आकड्यांसह. तो अर्ज पाठवला नाही. पर्यवेक्षकाची बढती जवळ आली होती, मुलाचे शिक्षण सुरू होते. तो अर्ज अजून त्यांच्या कपाटात आहे, आम्ही डोळ्यांनी पाहिला. कागद पिवळा पडला आहे, खाली सही आहे, तारीख नाही.

"एका उमेदवाराची जागा गेली," सर म्हणाले. "तो कोण होता मला माहीत नाही. त्याच्या घरात पगार आला असता, त्या पगाराचा विसावा हिस्सा निघाला असता. माझ्या सगळ्या वह्यांची बेरीज एका बाजूला ठेव आणि ही एक जागा दुसऱ्या बाजूला ठेव. कुठलं पारडं खाली जाईल?"

आम्ही उत्तर दिले नाही. आजही आमच्याकडे उत्तर नाही.

तिसरी गोष्ट सरांनी सांगितली नाही, ती काकींनी सांगितली. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळे ऐकत होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "ह्यांच्या वहीत बाईमाणसाचा रकानाच नाही. हे संध्याकाळी पोरांना घेऊन बसायचे, तेव्हा घरात पाणी कोण भरत होतं? विसावा हिस्सा हे द्यायचे, तो निघावा म्हणून उरलेल्या एकोणीस हिश्शांत घर मी चालवलं. लावणीला दुसऱ्याच्या शेतात गेले, खाडीत कालवं काढली, ती विकली. त्याचा आकडा कुठल्या पानावर आहे ते दाखव मला." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि पोरीचं पण सांगा की."

सर खाली बघत राहिले. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी मोठी. दहावीला गणितात तिला भावापेक्षा जास्त गुण होते. मुलाला इंजिनिअरिंगला घातले, मुलीचे बारावीनंतर दोन वर्षांत लग्न करून दिले. स्थळ चांगले होते, पैसा एकाच्याच शिक्षणाला पुरण्यासारखा होता, लोक काय म्हणतील हेही होते. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे बाबासाहेबांनी जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. सर दरवर्षी ८ मार्चला विहारात यावर बोलायचे. आणि घरात मोजमाप चुकले. आज ती ताई तिच्या सासरच्या गावात विहारात मुलांना गणित शिकवते. सर म्हणाले, "ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते. तिला पगार मिळायला हवा होता."

मित्रहो, आता आमच्या मुद्द्याकडे येतो.

चळवळीत आपण माणसांचे दोनच कप्पे करतो. एक कार्यकर्ते, म्हणजे प्रामाणिक. दुसरे नोकरदार, म्हणजे स्वार्थी. बाबासाहेबांच्या आग्र्याच्या खंतीचा आपण असा लाठीसारखा वापर करतो. पण ती खंत अभ्यासायची गोष्ट आहे. एक माणूस शिकतो, नोकरीला लागतो, तेव्हा त्याच्या कुठल्या कृतीने समाज पुढे जातो आणि कुठल्या भीतीने समाज मागे राहतो, हे एकेका आयुष्यात उतरून बघावे लागते. सरांच्या आयुष्यात दोन्ही आहे. त्यांनी दर महिन्याला समाजाचे देणे फेडले, आणि मोक्याच्या वेळी अर्ज कपाटात ठेवला. त्यांना संत बनवणे जितके चुकीचे, तितकेच त्यांच्याकडे बोट दाखवून टाळ्या मिळवणे चुकीचे. आम्ही ती चूक केली. ती इथे जाहीरपणे मान्य करतो.

दुसरा मुद्दा याहून मोठा आहे. ज्या नोकरदार वर्गाला आपण शिव्या घालतो, तो वर्गच संपवला जात आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्याआधीच शिक्षण सेवक नावाची तुटपुंज्या मानधनाची पद्धत सुरू झाली होती. मग कंत्राटी, मग तासिका तत्त्व. सरांच्या विसाव्या हिश्शाच्या वहीमागे दरमहा नियमित येणारा पगार होता. आज आमचे एमए, बीएड झालेले मित्र तासाला मिळणाऱ्या मानधनावर जगतात, तेही चार-चार महिने थकते. विसावा हिस्सा काढायला आधी वीस हिस्से हातात पडावे लागतात. पुढच्या वेळी पहिल्या रांगेकडे बोट दाखवण्याआधी मागे वळून बघा. मागच्या रांगेतल्या तरुणाला त्या पहिल्या रांगेत कधी बसता येईल का?

तिसरा मुद्दा गणिताचा. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, पहिले भारतीय. त्यांच्या बुद्धीबद्दल आदरच आहे. पण त्याच दशकात, त्याच दापोलीत, पलटणीतून निवृत्त झालेले महार-चांभार पेन्शनर आपल्या मुलांना शाळेत घ्या म्हणून अर्ज करत होते आणि त्यांच्या मुलांना ओसरीवर बसवले जात होते. गोपाळबाबा वलंगकर त्याच दापोलीतून लिहीत होते. लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिलेले सुभेदार रामजी सकपाळही निवृत्त होऊन काही काळ दापोली कॅम्पात राहिले. एका निवृत्त शिक्षकाने, संसारी माणसाने, आपल्या मुलाच्या अभ्यासाचा ध्यास घेतला आणि त्यातून आपल्याला बाबासाहेब मिळाले, हे विसरू नका. पुढे एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर येऊन उत्तर सोडवायला सांगितले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुले डबे उचलायला धावली. प्रश्न सोडवण्याची कुवत होतीच. फळ्यापर्यंतची वाट अडवलेली होती.

आज डबे कोणी उचलत नाही. आज वाट वेगळ्या रीतीने अडवली जाते. "ह्यांच्या पोरांना गणित झेपत नाही" हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या तोंडून किती वेळा ऐकले आहे! काही वर्षे दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेण्याची सोय होती. सोय म्हणून ठीक, पण ते घेतले की विज्ञान शाखेचा दरवाजा बंद. ती सोय कोणत्या मुलांना आग्रहाने सुचवली गेली, हे प्रत्येकाने आपापल्या वाडीत विचारून बघावे. निवृत्तीनंतर सर त्यासाठी घरोघर फिरले. मुलाला अवघड गणितच घ्यायला सांगा, शिकवायला मी आहे, असे आईबापांना सांगत. २०१८ च्या सुमारास तो पर्याय बंद झाला. मग २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात नवी सूचना आली. गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलाला पुढे जाऊ द्यावे, पण गुणपत्रिकेवर तसा शेरा असावा आणि त्याने गणित-विज्ञानाच्या वाटेला जाऊ नये. आम्ही ही बातमी सरांना दाखवली. म्हणाले, "नापास करून घरी बसवण्यापेक्षा बरं, हे मान्य. पण वीस गुणांचा मुलगा पस्तीसवर न्यायला वर्षभर एक शिक्षक लागतो. शिक्षक द्यायचा नाही म्हणून गुण कमी करायचे. हा कुठला त्रैराशिक?"

समाजशास्त्र शिकताना आम्ही पिअर बोर्द्यूचा 'सांस्कृतिक भांडवल' हा विचार पाठ केला. ज्या घरात पुस्तके, भाषा, ओळखी आधीपासून असतात त्या घरातले मूल शाळेत हुशार ठरते, आणि शाळा त्यालाच गुणवत्ता म्हणते. सरांनी बोर्द्यू वाचलेला नाही. त्यांनी त्यावर उपाय केला. रोज संध्याकाळी ७ वाजता पडवीत वर्ग. फी नाही. जात विचारायची नाही. बौद्धवाडीतली, कुणबीवाडीतली, कोळीवाड्यातली, मोहल्ल्यातली मुले एकाच चटईवर. आम्हीही त्या चटईवर होतो. तो वर्ग बरोबर ८ वाजून १२ मिनिटांनी सुटायचा. आम्ही त्याची चेष्टा करायचो. आठ नाही, सव्वाआठ नाही, हे १२ मिनिटांचे काय वेड आहे? त्या सकाळी आम्ही विचारले. सर हसले. "दिवसाची मिनिटं किती? १४४०. विसावा हिस्सा काढ." ७२ मिनिटे. सात वाजल्यापासून ७२ मिनिटे म्हणजे ८ वाजून १२ मिनिटे.

तीस वर्षांहून जास्त काळ हा माणूस आपल्या दिवसाचा विसावा हिस्सा देत होता आणि आम्ही त्याच्याकडे हिशेब मागत होतो.

गणिताने प्रत्यक्षात काय होते, याचे एक उदाहरण देतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली, मंडणगड उद्ध्वस्त झाले. घरांचे पत्रे उडाले, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. सरांच्या परसातलेही नारळ गेले. सरकारने बागायतीची भरपाई वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली आणि सगळीकडे वाहवा झाली. सरांनी पडवीतल्या फळ्यावर खडूने मांडले: १ हेक्टर म्हणजे १०० गुंठे. ५०,००० भागिले १००. गुंठ्याला ५०० रुपये. आपल्या वाडीत कोणाकडे दोन गुंठे, कोणाकडे तीन. पंधरा-वीस वर्षे वाढवलेली झाडे गेली आणि हातात येणार हजार-दीड हजार. ज्याच्याकडे हेक्टरने बाग, त्याला ही मदत मदत वाटते. ज्याच्याकडे गुंठ्याने परस, त्याची थट्टा होते. आकडा तोच, पण खोती काळापासून जमीन कोणाकडे राहिली त्यावर त्याचा अर्थ बदलतो. पोरांनी तो हिशेब वहीत उतरवून घेतला आणि निवेदनाला जोडून तहसीलला दिला. अशा तक्रारी कोकणभरातून गेल्या, आणि पुढे नारळ-सुपारीला झाडामागे दर लावावा लागला. घोषणांनी जे मांडता आले नसते ते एका भागाकाराने मांडले.

आणि तो पिवळा पडलेला अर्ज? त्याचे देणे सर अजून फेडत आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी माहितीचा अधिकार वापरायला शिकून घेतला. तालुक्यातले कोणी तरुण भरतीच्या जाहिरातीची कात्रणे घेऊन येतात, सर बिंदुनामावली मागवतात, आकडे तपासतात, चूक सापडली तर अर्ज लिहून देतात. आता सही करून, तारीख घालून, पोस्टाची पावती जपून ठेवतात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. "उशिरा सोडवलेल्या गणिताला पूर्ण गुण नसतात," ते म्हणतात, "पण पायऱ्यांचे गुण मिळतात."

काकींच्या प्रश्नाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा नवी वही सुरू होती. डावीकडे पेन्शन, उजवीकडे विसावा हिस्सा, आणि मध्ये एक नवा रकाना. त्यात काकींच्या हातचे अक्षर. त्या रोज किती तास काम करतात ते लिहितात. सर सकाळी पाणी भरतात आणि त्यांचे तास वेगळे लिहिले जातात. आम्ही बेरीज करायला गेलो तर काकी म्हणाल्या, "थांब, वर्ष पुरं होऊ दे. मग बघू कोण कोणाचं देणं लागतं."

तेव्हा तरुण मित्रांनो, आमचे म्हणणे एवढेच आहे. येत्या जयंतीला डीजेची वर्गणी काढाल तेव्हा आपल्या विहारात पाचवीपासूनच्या मुलांसाठी गणिताचा एक वर्ग सुरू करायचेही ठरवा. शिकवायला पहिल्या रांगेतले कोणीतरी नक्की भेटेल, फक्त बोट दाखवण्याऐवजी हात जोडून विचारा. मुलींना त्या वर्गात पुढे बसवा. निवृत्त मंडळींनो, तुमच्याही कपाटात एखादा न पाठवलेला अर्ज असेल. तो बाहेर काढा, पोरांना दाखवा, चूक कशी होते ते त्यांना कळू द्या. आणि ज्यांच्याकडे पगार नाही, ज्यांच्या वीस हिश्शांचाच पत्ता नाही, त्या आपल्यासारख्यांकडेही १४४० मिनिटे रोज असतातच.

आमची वही आम्ही त्या दिवशी दापोलीच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून घेतली. लाल पुठ्ठ्याची. पहिल्या ओळीत लिहिले आहे: देणे, दहावीचा पुस्तकसंच, एक.

जय भीम! नमो बुद्धाय!